‘तो’ म्हणजे गाळ

१२ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आपल्या रीतीप्रमाणे आधी घरचं, मग टाकीचं.

घरचं असं, की टिल्लू अजून माझ्याकडेच आहे. दुकान बंद केलं त्यानं. मिक्सर नि पंखे दुरुस्त करून घेणारं आता कोणी उरलं नाही म्हणतो. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. आला तेव्हा हातात एक पिशवी होती, तिच्यातून अजून तो बाहेर आलेला नाही. कपडे तिच्यातून काढतो, धुतो, पुन्हा तिच्यातच ठेवतो. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच आहे. भांडी घासतो, खालच्या पेटीतून टपाल वर आणतो आणि बाहेरच्या खोलीत पंख्याकडे बघत पडून राहतो. परवा मी म्हटलं, "बिघडलाय का रे पंखा, सारखा बघतोस तो?" तर म्हणाला, "नाही, चांगला चालतोय." झालं, तेवढंच.

नाव टिल्लू आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटतं, असा एवढा मोठा माणूस घरात असून नसल्यासारखा आहे. तू त्याला चार शब्द लिही, दादा. मी काही बोलले की ती बहिणीची कटकट होते. तुझं ऐकतो. मी त्याला सांगूनही ठेवलंय, की दादाचं पत्र येईल त्यात तुझ्यासाठी काहीतरी असेल.

आता टाकीचं. दुधाच्या कारखान्याचं हे सगळं धुवण टाकीत खालून सोडायचं, तळाच्या गाळातल्या जिवाणूंनी त्यातली घाण खाऊन गॅस करायचा आणि निवळ पाणी वरच्या पन्हाळीतून बाहेर पडायचं, एवढंच तर काम. पण तुझ्या स्टार्चच्या कारखान्यात गाळाचे मोहरीसारखे काळे टणक दाणे झाले होते ना, तसं माझ्याकडे नावाला नाही. नुसता काला. विरजणाला दुसरीकडून टँकरभर गाळ आणून ओतला होता, पण तो रोज वर येतो, पन्हाळ ओलांडतो आणि चालू लागतो. इंजिनिअर बाई म्हणतात घाबरू नका, हे असंच होतं. पण मी तिथे उभी असते आणि तो माझ्या डोळ्यांसमोरून जात असतो. हात आपोआप पुढे होतो रे माझा. पंप हळू करून त्याला अडवू, की जाऊ देऊ? तू सांगशील तसं करीन.

तुझी,
बेबी
(पन्नाशी उलटली तरी बेबीच. सही करताना आताशा हसू येतं.)


२० फेब्रुवारी

चि. बेबी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र हातात आलं आणि दुसरं सगळं बाजूला ठेवून उत्तर लिहायला बसलो. जाऊ दे त्याला.

तुझा जीव मऊ, मला का ठाऊक नाही? समोरून कोणी चाललं की तुझा हात आपोआप पुढे होतो. पण तो हलका आहे, बेबी. ज्याला बूड नाही तो खाली टिकत नाही. वर वर तरंगत राहतो आणि एक दिवस काठावरून निघून जातो. त्याला धरून ठेवशील तर काय होईल? तो खाईल, पण त्याचं काही होणार नाही. जे तळाला बसून मुकाट काम करतायत त्यांच्या तोंडचा घास मात्र जाईल. मी अशी दया एकदा करून बसलो होतो, वर्ष फुकट गेलं. तेव्हा अडवू नकोस. उलट थोडा जोर लाव, म्हणजे जायचा तो लवकर जाईल. हळहळ करत बसू नकोस. तो गेला की मागे राहिलेले आपोआप एकमेकांना धरतील.

आता दाणा कसा धरतो ते सांगतो, म्हणजे तुझी भीती जाईल. गॅस करणाऱ्या जिवाणूंमध्ये एक जात दोऱ्यासारखी लांब असते. एखादा चुन्याचा कण म्हण, मेलेल्या जिवाणूचं कवच म्हण, काही हाताला लागलं की हे दोरे त्यावर गुंडाळले जातात, वात वळावी तसे. त्यांच्या अंगाची चिकट लाळ असते, तिनं ते सांधतं. पाणी खालून वर चढत असतं. जे सुटं आहे ते त्याच्याबरोबर जातं आणि जे एकमेकांना चिकटलं ते जड होऊन पुन्हा खाली बसतं. म्हणजे वाहून जाणं ही चाळणीच आहे. चाळलंच नाही तर दाणा कशाला धरेल? सुटं राहूनही पोट भरतंय की!

मी एकदा दाणा ब्लेडनं कापून भिंगाखाली धरला होता. बाहेरच्या थरात आंबवणारे राहतात. ते साखर नि चरबी फोडतात आणि आंबट करून ठेवतात. ते आंबट आतल्या थरातले खातात आणि गॅस सोडतात. बाहेरच्यांचं उष्टं हे आतल्यांचं जेवण. आतल्यांनी जेवायचं थांबवलं तर बाहेरचे स्वतःच्याच आंबटपणात मरतात. असं एकत्र कुटुंब आहे ते, भांडण परवडत नाही त्यांना. महिने लागतात पण. पंप एकदम वाढवू नकोस, रोज जरासा.

टपालाची पेटी उघडायची वेळ झाली. घरचं लिहायचं राहिलंच. पुढच्या खेपेस.

तुझा दादा


६ मार्च

दादा,

टिल्लू गेला.

परवा कामावरून आले तर त्याची खाट झाडून, चादरीची घडी करून ठेवलेली. किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे दिली होती. एका कागदावर एवढंच, ‘लांब नोकरी मिळाली आहे, पत्ता कळवीन. ताई, तू फार केलंस.’ पिशवी नाही. फोन लागत नाही. त्याच्या बायकोला विचारायचा धीर केला, तर ती म्हणाली, "तुमच्याकडे होता ना? मग मला काय विचारता?" खरंच आहे तिचं.

तुझं पत्र त्यानंच वर आणलं होतं. माझ्या हातात दिलं आणि कपबशा विसळायला लागला. मी वाचलं आणि खरं सांगू का, मनात म्हटलं, टिल्लूला काय सांगू आता? तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "दादा घाईत होता रे." तो म्हणाला, "हो, असणार."

तू विसरलास. मी रागावले नाही, पण विसरलास.

टाकीचं ऐकलं तुझं. पंप रोज जरासा वाढवतेय. पन्हाळीचं पाणी काळं येतंय.

बेबी


१४ मार्च

चि. बेबी,

अगं, गडीमाणूस हात हलवायला लागला, यात रडण्यासारखं काय आहे? पंख्याकडे बघत पडायचा म्हणून तूच काळजी करत होतीस. आता नोकरी लागली म्हणून करतेस. काळजीला निमित्त लागतं तुला! लिहायचं राहिलं ते माझं चुकलंच. पत्ता आला की चार सोडून चाळीस शब्द लिहीन.

पाण्याचा आंबटपणा रोज बघत जा. आंबटपणा वाढला तर पाणी सोडणं कमी कर आणि सोडा घाल. लाज धरू नकोस त्यात. आणि तुमच्या बाई जिवाणूंच्या खुराकाला चिमूटभर निकेल-कोबाल्ट घाला म्हणत असतील तर निमूट घाल. आमच्याकडे एका साहेबांनी हेच सांगितलं होतं तर मी हसलो होतो. साहेब बरोबर होते हे मला निवृत्त झाल्यावर वाचून कळलं.

दादा


५ एप्रिल

तीर्थरूप दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्हांला लिहायला उशीर झाला, क्षमा असावी. मी एका शीतगृहात आहे, फळांच्या पेट्या आत-बाहेर करायचं काम. पत्ता पाकिटावर आहे. ताईला देऊ नका, ती धावत येईल.

एक सांगायचं होतं. फेब्रुवारीतलं तुमचं पत्र मी उघडलं होतं. दुसऱ्याचं पत्र उघडू नये हे कळतं. पण त्यात माझ्यासाठी काही असेल असं ताई म्हणाली होती, म्हणून माझंच समजून उघडलं. पहिलं पान वाचलं. पुढे टाकीचं सुरू झालं तिथे थांबलो आणि डिंकानं चिकटवून ताईला दिलं. तुमच्या पत्रात पहिलं पान घरचंच असतं.

तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काही नाही. मी खात होतो आणि माझं काही होत नव्हतं. ताई दोन पाळ्या करून यायची आणि माझ्यासाठी कणीक मळायला बसायची. अडवू की जाऊ देऊ, असं तिनं तुम्हांला विचारलं असेल. मला तोंडावर कसं सांगणार, म्हणून मीच निघालो. तिला जोर लावायला लागला नाही.

राग नाही. कोणीतरी स्पष्ट लिहिलं याचं बरंच वाटलं. ‘ज्याला बूड नाही’ हे शब्द इतके पाठ झालेत, की पेटी उचलताना त्यांचाच ताल धरतो.

आपला,
टिल्लू


१० एप्रिल

अरे टिल्लू, अरे गाढवा,

तो म्हणजे गाळ! टाकीतला गाळ! बेबीनं विचारलं होतं की गाळ वाहून जातोय, अडवू का, आणि मी लिहिलं, जाऊ दे त्याला. गाळ पुल्लिंगी निघाला त्याला मी काय करू? माती असती तर ‘तिला’ लिहिलं असतं, पाणी असतं तर ‘त्याला’च, पण मागेपुढे ‘ते’ तरी आलं असतं. अख्ख्या पानात मी गाळ हा शब्द एकदाही लिहिला नाही हे आज कळतंय. माझ्या डोक्यात तोच होता, म्हणून कागदावर यायचा राहिला.

सोबत बेबीचं मूळ पत्र पाठवतोय. वाच. तिनं कोणाबद्दल विचारलंय ते तुझ्या डोळ्यांनी बघ. आणि वाचलंस की पहिल्या गाडीनं तिच्याकडे जा. जाऊन सांग, मी येडा आहे आणि दादा माझ्याहून येडा.

आणि हे ‘तुम्ही’ काय लावलंयस? माझ्या खांद्यावर बसून जग बघितलंस, तेव्हा ‘तू’ होतो मी. मला तीर्थरूप म्हणू नकोस, भीती वाटते.

उत्तर उलट टपाली.

दादा


२१ एप्रिल

ती. दादा,

ताईचं पत्र वाचलं. गाळाबद्दलच आहे. तुमचं बरोबर, माझी चूक झाली.

ताईनं आधी माझ्याबद्दल लिहिलंय आणि मग गाळाबद्दल. गाळाचं उत्तर तुम्ही सविस्तर दिलंत. पहिल्याचं सापडलं नाही.

ताईचं पत्र परत पाठवतोय, तुम्हांला लागेल.

टिल्लू


२० मे

दादा,

दाणे धरले!

आज सकाळी तळाच्या नळातून काचेच्या नळकांड्यात नमुना घेतला. नेहमीप्रमाणे काला असणार म्हणून ठेवून दिला आणि मान वळवते तोवर सगळं खाली बसलेलं. वरचं पाणी स्वच्छ. बोटावर घेतले तर काळे, गुळगुळीत, चिमटीत धरून दाबले तरी फुटेनात. बाईंना हाक मारली. त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की नळकांडं पडता पडता राहिलं. मग दोघी वेड्यासारख्या नळाशी बसून पुन्हा पुन्हा ते हलवत होतो नि खाली बसताना बघत होतो. गॅसची ज्योतही आता निळी आणि सरळ आहे. तू म्हणालास तसंच झालं. गाळ गेला, गेला म्हणून मी रडत होते आणि जे राहिलं होतं ते तळाशी चुपचाप हे करत बसलं होतं.

घरी आले आणि कोणाला सांगू कळेना. शिंपीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घाणीचे दाणे? बरं बाई, बरं झालं." बाहेरच्या खोलीतला पंखा लावून बसले.

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. असं तू करत नाहीस. टिल्लूचा पत्ता आलाय आणि तू मला सांगत नाहीयेस, असं मला वाटायला लागलंय. वाईट असलं तरी सांग.

बेबी


२ जून

चि. बेबी,

तुझं पत्र इकडे निघण्याच्या दिवशीच हातात पडलं. दाण्यांचं वाचून आनंद झाला, पण तो कुठे ठेवू कळेना. मी टिल्लूच्या खोलीवरून लिहितोय.

त्याची दोन पत्रं सोबत ठेवलीत, ती आधी वाच. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. पत्ता लपवला कारण त्यानं तसं लिहिलं होतं, आणि खरं म्हणजे तुला तोंड कसं दाखवू म्हणून.

वाचलंस? मग ऐक. शीतगृहाच्या मागे पत्र्याची लांबट शेड आहे, तीत खाटा. बाहेर इतकं ऊन आणि हा दोन स्वेटर घालून दारातून आला. बोटं थंडीनं फुटलीत त्याची. मला बघून जागीच थांबला आणि म्हणाला, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही रे. तुला बघायला आलो."

"मला?" म्हणाला, आणि मागे वळून बघितलं, बेबी. मागे दुसरं कोणी उभं आहे का, म्हणून.

चहा आणला त्यानं. मी पुन्हा सगळं सांगायला लागलो, गाळ, पन्हाळ, तू काय विचारलंस, मी काय लिहिलं. तो मान हलवत होता. मग मी म्हटलं, बेबीच्या टाकीत दाणे धरले, बघ, महिनोन्महिने काही दिसत नाही आणि तळाशी… तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, टाकीचं नको."

 आयुष्यभर सगळ्या गोष्टी टाकीवरून सांगत आलो, ती काढून घेतल्यावर तोंडात शब्द उरला नाही.  मग तोच म्हणाला, "चुकून वाचलं ते सोड. पण मी ते पान वाचलं ना, तर हे दुसऱ्या कोणाबद्दल असेल अशी शंकासुद्धा आली नाही मला. सगळं बरोबर बसलं."

‘सोड’ म्हणाला, म्हणजे ‘तू’वर आला. पण त्या वाक्यापुढे मला त्याचाही आनंद होईना.

शेजारच्या खाटेवरचा हमाल चांगला माणूस आहे. त्यानं मला बाहेर नेऊन सांगितलं, "काका, तुमचा भाऊ मागच्या महिन्यात शीतगृहाच्या आतल्या थंड खोलीत बसून राहिला होता. जेवणाची घंटा झाली, आम्ही सगळे बाहेर आलो, हा नाही. हात धरून ओढून काढला. म्हणाला, शांत वाटतं तिथं." मी टिल्लूला यातलं काही विचारलेलं नाही. कुठून विचारायचं असतं ते मला माहीत नाही.

परत यायला तयार नाही. मी म्हटलं, मग मीच राहतो थोडे दिवस. त्यानं कुठूनतरी एक उशी आणून माझ्या पायांशी ठेवली. तेव्हा मी राहतोय. तिकडे माझं कोण खोळंबलंय? तो पाळीला जातो तेव्हा मी शीतगृहाच्या दाराशी बाकावर बसतो. घंटा झाली की कोण कोण बाहेर आलं ते बघतो. रखवालदाराला वाटतं म्हातारा थोडा वेडसर आहे, वाटू दे.

तू येऊ नकोस इतक्यात. त्याला पत्र लिही. माझ्या नावानं नको, त्याच्या नावानं. पाकीट त्याचंच असू दे. आणि बेबी, टाकीचा एक शब्द नको.

दादा


९ जून

प्रिय टिल्लू,

हे पत्र तुझं आहे. पाकिटावर फक्त तुझं नाव आहे, बघ. उघडताना मनात काही आणू नकोस.

तीन दिवस लिहायला बसतेय आणि कागद फाडतेय. तुझ्याबद्दल लिहायचं म्हटलं तर मला काय माहीत आहे? दुसरी पोळी तू निम्मी ठेवतोस, माहीत आहे. आमटी आधी पितोस. साबण कमी वापरतोस, माझा संपू नये म्हणून. तू किती उरवलंस ते मी रोज बघायचे आणि त्यावरून तुला ओळखते असं समजायचे. तुझी मुलगी कितवीत आहे हे मी तुला एकदाही विचारलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून विचारत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तू उत्तर दिलं असतंस तर त्यावर काय बोलायचं, याची मला भीती वाटायची. त्यापेक्षा कामावर जाणं सोपं होतं.

पत्रात तुझ्यासाठी काही असेल, असंही मीच सांगितलं होतं. मी स्वतः बाजूच्या खोलीत होते आणि तुझ्याशी बोलायचं काम टपालानं दादाकडे पाठवलं.

परत ये असं लिहीत नाही. यावंसं वाटलं तर किल्ली शिंपीणबाईंकडेच आहे, मला विचारायची गरज नाही. नाही वाटलं तरी पत्र मी लिहिणारच, उत्तर आलं नाही तरी. त्या थंड खोलीत शांत वाटतं म्हणालास ना, ते मला कळलंय. घाबरून लिहीत नाहीये, म्हणजे घाबरलेय, पण म्हणून लिहीत नाहीये. तिथे बसल्यावर कसली शांतता वाटते ते मला सांगशील का? मी मध्ये बोलणार नाही.

आज सुट्टी आहे. दार लावलंय, चूल बंद आहे, कुठे जायचं नाही. तुला रोज मी एक प्रश्न विचारायचे, दारात उभी राहून, चपला घालता घालता, आणि तू ‘बरा’ म्हणेपर्यंत जिना उतरलेली असायचे. आज खाली बसून विचारतेय.

टिल्लू, कसा आहेस?

ताई